साहेब, कामगार आणि खुन्नस: नाशिकच्या कंपन्यांमधून नेहमी येणारे प्रश्न

मी नाशिकच्या एमआयडीसीत बावीस वर्षं काढली. आधी सातपूरला मशीनवर, मग अंबडला शिफ्ट सुपरवायझर, नोकरी करता करता एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची मास्टर्स) केलं आणि आता तीन-चार छोट्या युनिटची एचआरची कामं बघतो. त्रिमूर्ती चौकात चहा प्यायला थांबलं तरी कोणीतरी ओळखीचं भेटतं आणि तेच विचारतं, आमच्याकडे पोरं अशी का वागतात, किंवा आमचा साहेब असा का वागतो. दोन्ही प्रश्न एकच आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. उत्तरं काही लांब झालीत, काही दोन ओळीत संपलीत, सांभाळून घ्या.

"वाईट वागणं" म्हणजे नक्की काय? मारामारी का?

मारामारी क्वचितच हो. एवढ्या वर्षांत कॉलर धरलेली मी दोनदाच बघितली, त्यातली एक क्रिकेटवरून होती. रोजचं असतं ते फार शांत असतं. चहाची सुट्टी दहा मिनिटांची आणि माणूस पंचवीस मिनिटांनी उगवतो, सेटिंगला मुद्दाम वेळ लावतो, नवीन पोराला अर्धवट सांगून तोंडावर पाडतो, रिजेक्ट पीस गुपचूप ओकेच्या ट्रेमध्ये सरकवतो, कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची छोटी महागडी पाती, खिशातून घरी नेतो. पूर्वी एकमेकांची कार्डं पंच करायचे, थंब, म्हणजे अंगठ्याची हजेरी, आल्यापासून ते बंद झालं, आता थंब देऊन बाहेर मिसळ खायला जातात.

सँड्रा रॉबिन्सन आणि रिबेका बेनेट या दोघी संशोधकांनी १९९५ मध्ये या सगळ्याचे चार खण पाडले. किरकोळ की गंभीर हा एक भाग, आणि फटका कंपनीला बसतो की माणसाला हा दुसरा. लवकर पळणं, सावकाश काम करणं हे किरकोळ आणि कंपनीला. चोरी, मशीन बिघडवणं गंभीर आणि कंपनीला. चुगल्या, दुसऱ्यावर ढकलणं, पार्शलिटी हे किरकोळ पण माणसाला. शिवीगाळ, लैंगिक छळ हे गंभीर आणि माणसाला. आता यात पार्शलिटी कुठं बसवलीय बघा. म्हणजे हा तक्ता फक्त कामगारांचा नाहीये, साहेब पण त्याच तक्त्यात बसतो. ट्रेनिंगमध्ये मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकांवर हसू येतं आणि पुढच्या खुर्च्यांवर नाही.

माणूस मुळातच तसा असतो ना? साहेबाचा काय संबंध?

काही माणसं असतात तशी, नाही म्हणत नाही. ज्याला जुगाराचं कर्ज फेडायचंय तो चांगल्या साहेबाच्या हाताखाली पण पितळी भंगार विकणारच. पण तुम्ही मला एक सांगा, तोच ऑपरेटर फर्स्ट शिफ्टला आठवड्यातून दोनदा दांडी मारतो आणि शिफ्ट बदलून दुसऱ्या साहेबाकडे गेला की तीन महिने एक खाडा नाही, तर स्वभाव बदलला का त्याचा? असं मी एक-दोनदा नाही, निदान पंधरा-वीस वेळा बघितलंय. म्हणून आता कोणाची तक्रार आली की मी पहिल्यांदा हजेरीपत्रक काढतो आणि कोणत्या साहेबाकडे असताना काय होतं ते बघतो. तुम्ही पण एकदा बघा, हजेरीपत्रक बोलतं.

नातं म्हणजे काय, साहेबाने खांद्यावर हात टाकायचा का?

नको, उलट तेच नको. खांद्यावर हात टाकणारे साहेब मी बरेच बघितलेत, अप्रेझलच्या दिवशी तोच हात कुठं जातो कळत नाही.

इथं नातं म्हणजे देवाणघेवाण. १९७५ च्या सुमारास जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी ही गोष्ट नीट मांडली की साहेब सगळ्यांशी सारखा वागतच नाही, प्रत्येकाशी त्याचं वेगळं खातं असतं. काही जण आतल्या गोटातले, त्यांना माहिती आधी मिळते, चांगली कामं मिळतात, चूक पोटात घातली जाते. बाकीचे बाहेरचे, त्यांच्याशी नियमाने वागायचं, जेवढ्यास तेवढं. हे मोजायला पुढं सात प्रश्नांची प्रश्नावली पण आली, त्यातला एक प्रश्न साधारण असा की तू अडचणीत सापडलास तर साहेब स्वतःला तोशीस लावून घेऊन तुला बाहेर काढेल का. हा एक प्रश्न जरी तुम्ही तुमच्या माणसांना मनातल्या मनात विचारायला लावला ना तरी पुरे. ज्याचं उत्तर "नाही" आहे त्याने कंपनीसाठी जीव का काढावा हे मला पण सांगता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण देतो. अंबड-सातपूरला येणारी निम्मी पोरं दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या गावांतली. घरी द्राक्षाची बाग नाहीतर कांदा. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, घरचा एक माणूस बागेत लागतोच. एक साहेब रजेचा अर्ज बघून म्हणतो, "शेती करायची तर कंपनीत कशाला आलास?" दुसरा म्हणतो, "बुधवारी डिस्पॅच आहे, तेवढं काढून दे, गुरुवार-शुक्रवार जा." दोघांनी दिलेली रजा पाहिली तर फरक एखाद्या दिवसाचा. पहिल्याकडचा पोरगा दुसऱ्या दिवशी जुलाब लागल्याचं सर्टिफिकेट पाठवतो, चार दिवस गायब. दुसऱ्याकडचा बुधवारी रात्री अकरापर्यंत थांबून डिस्पॅच काढतो. आणि पुढं कधीतरी मार्चमध्ये गारपीट झाली की त्या साहेबाला सकाळी आधी फोन येतो, "साहेब, आज नाही जमणार, बाग झोपली." फोन येतो हे महत्त्वाचं आहे, कारण फोन आला तर साहेब माणूस बदलून लाइन चालू ठेवू शकतो.

साहेब ओरडला तर माणसाने साहेबावर राग काढावा, कंपनीचं नुकसान का करतो?

कारण साहेबावर काढता येत नाही. त्याच्या हातात पगारवाढ, ओटी (ओव्हरटाइम), शिफ्ट, रजा, सगळं आहे. मशीनच्या हातात काही नाही. मशीन मेमो देत नाही.

शिवाय कामगाराच्या डोक्यात साहेब आणि कंपनी असे दोन वेगळे कप्पे नसतातच. मुंबईच्या हेड ऑफिसातला डायरेक्टर त्याने कधी बघितलेला नसतो, त्याच्यासाठी कंपनी म्हणजे सकाळी सात वाजता समोर येणारा तो एक माणूस. तो माणूस बापावरून बोलला म्हणजे कंपनी बापावरून बोलली.

बेनेट टेपर यांनी २००० साली या अपमान करणाऱ्या साहेबगिरीवर अभ्यास केला आणि मोजायला पंधरा वाक्यांची यादी केली. चारचौघांत खाली पाडणं, टिंगल, शब्द न पाळणं, जुन्या चुका पुन्हा पुन्हा काढणं, स्वतःची लाज वाचवायला दुसऱ्यावर ढकलणं, आणि अबोला. अबोला पण, हो. आपल्याकडचे कितीतरी साहेब म्हणतात की मी तर कधी आवाज चढवत नाही, पण महिना-महिना त्या माणसाकडे बघत नाहीत, काम दुसऱ्याच्या तोंडून सांगतात. यादीत ते पण आहे.

हे नुकसान खरंच मोठं असतं का, की दोन-चार इन्सर्ट?

इन्सर्ट दिसतात म्हणून लोकं इन्सर्टबद्दल बोलतात. खरं नुकसान न सांगण्याचं असतं. ही एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो कारण एन्क्वायरीला लिहायला मीच बसलो होतो. कंपनीचं नाव विचारू नका.

एक व्हीएमसी होतं, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, त्यावर आठ वर्षांचा जुना ऑपरेटर. एकदा त्याला स्पिंडलचा, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्याचा, आवाज वेगळा वाटला, मशीन थांबवून मेंटेनन्सला बोलावलं, चाळीस मिनिटं गेली, काही सापडलं नाही. साहेब लाइनवर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस का? तुला मशीन चालवायला ठेवलंय, ऐकायला नाही." वर प्रॉडक्शन लॉसचा मेमो. झालं, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. चार-पाच महिन्यांनी डिसेंबरात नाईट शिफ्टला पुन्हा तोच आवाज. निफाडकडची थंडी काय असते तुम्हाला माहितीय, शेडमध्ये हात सुन्न होतात, रात्री दोन वाजता तो एकटाच त्या बाजूला. त्याने आवाज ऐकला. नीट ऐकला. आणि पीस लावत राहिला. पहाटे पाचला बेअरिंग बसलं, स्पिंडल जाम. मशीन अकरा दिवस बंद, दुरुस्तीचं बिल लाखात, आणि कस्टमरचं माल न पोचल्याचं बोलणं वेगळं.

एन्क्वायरीत त्याला विचारलं, आवाज आला होता का? म्हणाला, आला होता. सांगितलं का नाही? म्हणाला, "मला ऐकायला ठेवलेलं नाही साहेब, चालवायला ठेवलंय. चालवत होतो." मी पेन खाली ठेवलं. आता याला चोरी म्हणाल, तोडफोड म्हणाल, काय म्हणाल? त्याने मशीनला बोट लावलेलं नव्हतं. स्टँडिंग ऑर्डरमधलं, म्हणजे कंपनीच्या सेवानियमांतलं, "निष्काळजीपणा" तेवढं कसंबसं बसलं. मेमो देणाऱ्या साहेबाला त्या वर्षी इन्क्रिमेंट पूर्ण मिळालं हे पण सांगून ठेवतो.

पगार कमी असला की चोरी होणारच ना, त्यात नात्याचा काय संबंध?

पगाराचा संबंध आहेच. पण याच्यावर एक फार भारी अभ्यास आहे, जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा, १९९० चा. अमेरिकेतली कंपनी, आपल्यासारखीच, गाड्या आणि विमानांचे छोटे पार्ट करणारी. ऑर्डरी गेल्या म्हणून तिने दोन प्लांटमध्ये दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला, तिसऱ्या प्लांटमध्ये कापला नाही. कापलेल्या दोन्हीत रक्कम तीच. फरक फक्त सांगण्यात. एका ठिकाणी कंपनीचा प्रेसिडेंट स्वतः आला, जवळजवळ दीड तास बसला, आकडे दाखवले, प्रश्न घेतले, आम्हाला पण वाईट वाटतंय म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निर्णय सांगितला आणि निघाले.

चोरी दोन्हीकडे वाढली. पण पंधरा मिनिटांवाल्या प्लांटमध्ये बरीच जास्त वाढली. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची एक दिवाळी आठवली. बोनस कमी होणार होता, कारण खरं होतं, एक मोठा कस्टमर गेला होता. मालकाने नोटीस बोर्डावर दोन ओळींचा कागद लावला आणि त्याच दिवशी गेटमधून त्याची नवी गाडी आत आली, हार घातलेली. गाडी आधीच बुक केलेली असेल, कर्जावर असेल, कोण विचारतंय! त्या महिन्यात टूल रूममधून जे गेलं ते पुढच्या वर्षभरात गेलं नसेल. दीड तास बसून बोलायला काही खर्च नव्हता. बोलायची लाज वाटली बहुतेक.

म्हणजे नातं चांगलं असलं की सगळं ठीक?

नाही ना! इथंच बरेच जण फसतात, मी पण फसलो.

मी सुपरवायझर असताना दोन पोरं माझ्या खास मर्जीतली होती. काम चोख, समजावून सांगायची गरज नाही, म्हणून रविवारची ओटी नेहमी त्यांनाच. मला वाटायचं मी कामाच्या हिशोबाने करतोय. पण ओटी कायद्याप्रमाणे दुप्पट दराने असते, म्हणजे ती नुसती जादा वेळ नसते, ते घराचे हप्ते असतात. बाकीच्या अकरा जणांनी तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त त्या दोघांची मापाची व्हर्नियर हरवायला लागली, त्यांचे पीस क्वालिटीत अडकायला लागले, डब्यातलं जेवण एकदा कुत्र्याला घातलं गेलं. मी त्या अकरांना चिडून बोललो, अजून बिघडलं. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, तुमचे दोन लाडके वाचवायचे असतील तर रविवार फिरता ठेवा." फिरता ठेवला, कागदावर लावला. दोन महिन्यांत व्हर्नियर हरवायची थांबली. म्हणजे आतल्या गोटातल्या दोघांशी माझं नातं उत्तम, आणि त्याच उत्तम नात्यामुळे बाहेरच्यांचं वागणं बिघडलेलं.

दुसरा धोका त्याहून वाईट. साहेबाशी इतकं जिव्हाळ्याचं जमतं की माणूस साहेबासाठी खोटं करायला लागतो. ऑडिटच्या आदल्या रात्री बसून तीन महिन्यांची चेकशीट तीन वेगवेगळ्या पेनांनी भरणारे लोक साहेबाचा राग करणारे नसतात, ते साहेबावर जीव टाकणारे असतात. एलिझाबेथ अम्फ्रेस आणि जॉन बिंगहॅम यांनी या प्रकाराचा वेगळा विचार केलाय, संस्थेच्या भल्यासाठी म्हणून केलेलं चुकीचं काम. चोर निदान स्वतःसाठी चोरतो, त्याला मनात भीती असते. याला भीती पण नसते, उलट आपण निष्ठावान आहोत असं वाटतं. तेव्हा "माझी टीम माझ्यासाठी काहीही करेल" असं एखादा मॅनेजर छातीठोकपणे सांगतो तेव्हा मला अभिमान नाही वाटत, धडकी भरते.

साहेब तरी असा का वागतो?

बहुतेक वेळा त्याच्या साहेबामुळे. सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडने मॅनेजरला सोलला की साडेअकराला इनचार्ज सोलला जातो, बाराला सुपरवायझर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेल्पर, आणि हेल्पर घरी जाऊन पोराला. सासूने छळलेली सून पुढं सासू झाल्यावर काय करते तेच आहे हे. फरक एवढाच की कंपनीत त्याला "परफॉर्मन्स कल्चर" म्हणतात.

खालच्या साहेबाला ट्रेनिंगला पाठवून हे सुटत नाही, वरची मीटिंग बदलल्याशिवाय.

कॉन्ट्रॅक्टवाली पोरं जास्त त्रास देतात असं का?

जास्त देतात का याचीच मला शंका आहे, पकडले जास्त जातात एवढं नक्की. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना दोन साहेब असतात आणि दोन्ही त्यांचे नसतात. काम सांगणारा कंपनीचा सुपरवायझर म्हणतो तुझा पगार कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो रजेचं कंपनीला विचार. एका ठिकाणी कॅन्टीनमध्ये परमनंटला स्टीलचं ताट आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कागदी द्रोण होते, तेच जेवण, तीच भाजी. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं देव जाणे. त्या द्रोणाने जेवढी खुन्नस तयार केली तेवढी पगारातल्या फरकाने पण केली नसेल, कारण पगाराची स्लिप खिशात असते आणि द्रोण सगळ्यांसमोर असतो.

आमचं ऑफिस आहे, कारखाना नाही. आमच्याकडे हे होतं का?

होतं की. कॉलेज रोडच्या एसी ऑफिसात इन्सर्ट नसतात म्हणून लोकं मेल उशिरा बघतात, फाइल "सापडत नाही", क्लायंटचा फोन आला की निरोप द्यायचा विसरतात, एकमेकांना सीसीत घालून आहेर करतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबाने रात्री साडेदहाला एकाची चूक फोटोसकट टाकली की लगेच सहा अंगठे येतात, आणि त्याच मिनिटाला साहेब नसलेला दुसरा ग्रुप जागा होतो. साहेब नसलेला ग्रुप प्रत्येक ऑफिसात असतोच, त्यात काय चालतं ते शोधायच्या मागे लागू नका, पहिल्या ग्रुपवर काय टाकता ते बघा.

साहेबाच्या नावाने बोटं मोडून काही फायदा होतो का?

हसू नका, यावर संशोधन झालंय. कॅनडातल्या लिंडी लियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्रास देणारा साहेब आठवायला लावून स्क्रीनवरच्या बाहुलीला टाचण्या टोचायला दिल्या. टोचल्यावर अन्याय झाल्याची भावना कमी झाली. २०१८ चं इग नोबेल मिळालं त्यांना, अर्थशास्त्राचं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन. आपल्याकडे पोरं बसमधून घरी जाताना साहेबाची नक्कल करतात तो तोच प्रकार. मी सुपरवायझर असताना माझी पण करायचे, मागच्या सीटवर, मला ऐकू यायचं. मी कधी मागे वळून बघितलं नाही, तेवढी अक्कल होती.

बिघडलंय हे आधी कसं ओळखायचं?

गोदावरीला पूर आला की नाशिकचा माणूस क्युसेक विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. तसा तुमच्या डिपार्टमेंटचा मारुती शोधा. माझा अनुभव सांगतो, चोरी हा मारुती नाही, चोरी दिसते तोपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. मी बघतो ते असं की किरकोळ तक्रारी यायच्या बंद झाल्यात का. फॅन बंद आहे, हातमोजे फाटलेत, कूलंटचा वास येतोय असं येऊन सांगणारी माणसं सांगायची थांबली की समजायचं. नवीन मॅनेजरला वाटतं वा, किती शांत डिपार्टमेंट. मग सोमवारच्या दांड्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशीचे राजीनामे, आणि बाथरूमच्या भिंती. भिंतीवरचं पुसायच्या आधी वाचा.

कालपर्यंत सोबत काम करायचो, आता मी सुपरवायझर झालो. मित्र ऐकत नाहीत, काय करू?

पहिले दोन महिने वाईट जाणार, ते धरूनच चाला. जुन्या मित्रांशी बोलणं बंद करू नका आणि त्यांना काही जास्त पण देऊ नका. रजा, ओटी, शिफ्ट या तीन गोष्टी कागदावर आणा, सगळ्यांना दिसतील अशा, कारण बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. चूक सांगायची तर बाजूला घेऊन, कौतुक करायचं तर लाइनवर. "नाही" म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा, अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून आठ दिवस झुलवू नका. आणि चुकलात तर चुकलो म्हणा. मी त्या ओटीच्या बाबतीत चुकलो असं अकरा जणांसमोर म्हटलं तेव्हा कोणी टाळ्या नाही वाजवल्या, एक जण तंबाखू मळत होता तो मळतच राहिला. पण पुढच्या आठवड्यात त्याच माणसाने येऊन सांगितलं की गेज झिजलाय.

मग साहेब वाईट होता म्हणून चोरी माफ करायची का?

अजिबात नाही. चोरी ती चोरी. चार्जशीट द्या, डोमेस्टिक एन्क्वायरी करा, त्याला बाजू मांडू द्या, सिद्ध झालं तर शिक्षा. मी फक्त म्हणतो की एन्क्वायरी संपल्यावर फाइल बंद करू नका, त्या डिपार्टमेंटमध्ये वर्षभरात किती फाइली झाल्या ते बघा. एकाच साहेबाच्या हाताखाली चार चोर कसे काय निघतात? भरती करताना तुम्ही त्यालाच वेचून चोर देता का?

कायदा काय म्हणतो?

नुसता ओरडणारा, टोमणे मारणारा साहेब यासाठी वेगळा असा कायदा आपल्याकडे नाही, हे आधी सांगतो. पण रस्ते आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान. छोट्या युनिटमध्ये ही समिती बरेचदा कागदावरच असते, तर आधी विचारा की आहे का आणि त्यात कोण कोण आहे. स्टँडिंग ऑर्डर ३०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी बंधनकारक आहेत. चौकशी चालू असताना निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, नंतर उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के. म्हणजे "घरी बस, बघू नंतर" असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा.

लैंगिक छळाची गोष्ट पूर्ण वेगळी. २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. दहापेक्षा कमी लोक असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ताई, यात "साहेबाशी संबंध बिघडतील" हा विचार करू नका, ते त्याने आधीच बिघडवलेत.

माझाच साहेब असा आहे. मी काय करू?

तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होतं, हे एका वहीत लिहायला लागा. मोबाइलमध्ये पण चालेल पण कंपनीच्या मोबाइलमध्ये नको. आठ-दहा नोंदी झाल्या की दोन गोष्टी होतात, एक तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी ठोस होतं, नाहीतर तुम्हालाच कळतं की तो दर महिन्याच्या तीस तारखेला पिसाळतो, एरवी बरा असतो. मग शक्य असेल तर त्याच्याशीच, एकट्यात, एकाच प्रसंगाबद्दल बोला. "तुम्ही नेहमी असं करता" असं नको, "मंगळवारी ट्रेनीसमोर बोललात ते मला लागलं" असं. निम्मे साहेब चपापतात, खरंच. उरलेल्या निम्म्यांसाठी एचआर, समिती, युनियन आणि शेवटी नाशिकमध्ये दुसरी नोकरी. आणि मशीन, माल, फाइल, कस्टमर यांच्यावर राग काढू नका. नैतिक-बितिक सोडा, त्या दिवसापासून एन्क्वायरी त्याच्यावर नाही, तुमच्यावर बसते.

त्या स्पिंडलवाल्याचं पुढं काय झालं?

ताकीद देऊन कामावर घेतलं, कारण तसा ऑपरेटर दुसरा मिळत नव्हता. तो साहेब दोन वर्षांनी पुण्याला गेला, आता आहे तो चांगला आहे, पोरांत मिसळणारा. ऑपरेटर अजून तिथंच, दुसऱ्या व्हीएमसीवर. आवाज वेगळा आला तर आता सांगतो. पण सांगायच्या आधी मागे वळून लाइनवर कोण कोण उभं आहे ते बघून घेतो, अजूनही.